गायक, बँड आपली अधिकृत वेबसाइट चाहते पुन्हा पुन्हा येतील अशी कशी बनवतात?

बहुतेकांच्या साइटवर तेच ते असतं: मोठा फोटो, नव्या गाण्याचा व्हिडिओ, कार्यक्रमांच्या तारखा, टी-शर्टचं दुकान. ते हवंच, पण तेवढ्यासाठी कोणी दुसऱ्यांदा येत नाही.

जी साइट लक्षात राहते तिथे चाहत्याला आत घेतलेलं असतं. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने १९९८ मध्ये 'बोवीनेट' ही चाहत्यांसाठीची इंटरनेट सेवा काढली, तेव्हा सभासदांना चक्क त्याच्या नावाचा ईमेल पत्ता मिळायचा! रेडिओहेड या ब्रिटिश बँडने २००७ मध्ये नवा अल्बम स्वतःच्या साइटवर ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्यावर सोडली. २०१६ मध्ये तर नव्या अल्बमच्या आधी त्यांनी साइट हळूहळू फिकट करत पार कोरी करून टाकली. काही न दाखवताही जगभर चर्चा झाली. (नवख्या बँडने हे करू नये; लोकांना वाटेल होस्टिंगचे पैसे भरले नाहीत.) २०२० मध्ये त्यांनी जुनं साहित्य 'पब्लिक लायब्ररी' म्हणून खुलं केलं, सोबत स्वतःच्या नावाचं सभासद कार्डही बनवता यायचं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग दिसायला अगदी साधा असतो: ईमेल नोंदवायची चौकट. सोशल मीडियावरची पोस्ट किती जणांपुढे जाईल ते अल्गोरिदम ठरवतो, ईमेलची यादी मात्र कलाकाराच्या हातात राहते. म्हणून त्या बदल्यात तिकिटांची आगाऊ विक्री किंवा एखादं अप्रकाशित रेकॉर्डिंग देतात.

बाकी रंग, फॉन्ट अल्बमच्या मुखपृष्ठाशी जुळवा. आणि साइट मोबाइलवर पटकन उघडली पाहिजे.