साताऱ्यात सराव करून खारदुंग ला चॅलेंज पळता येईल का?

तुम्ही लिहिलंय की सातारा हिल मॅरेथॉन पळून झाली, आता लडाखची ७२ किलोमीटरची खारदुंग ला चॅलेंज ही शर्यत डोक्यात बसलीय, तर यवतेश्वर-कासच्या घाटरस्त्यावरचा सराव पुरेल का? पायांना पुरेल. विरळ हवेला मात्र इथला कुठलाच डोंगर पुरणार नाही, त्यासाठी लेहमध्येच दिवस काढावे लागतील.

आधी पायांचं बोलतो. ही शर्यत खारदुंग गावातून भल्या पहाटे अंधारात सुटते. खारदुंग ला या खिंडीपर्यंत तीसेक किलोमीटर चढ, आणि तिथून लेहपर्यंत जवळजवळ चाळीस किलोमीटर उतार. धास्ती सगळे चढाची घेतात, पण मांड्या कामातून जातात त्या उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाता जाताच शरीराला ब्रेक लावत असतो, आणि त्यात त्याचे तंतू बारीक-बारीक दुखावतात. मोठा गड उतरल्यावर दुसऱ्या दिवशी घरचा जिना उतरवत नाही, तो यामुळेच. बरं हे की हा स्नायू शिकतो. आठवड्यातून एकदा जरी नेमाने उतार पळलात, तरी महिन्याभरात फरक जाणवतो.

म्हणून माझा आग्रह असा, की यवतेश्वर घाट नुसता चढू नका, पळत उतरा. सकाळी अजिंक्यताऱ्यावर सलग दोन-तीनदा वर-खाली करा. चढ झपाझप चालत, उतार पळत. पावसाळा सरल्यावर तिथल्या पायवाटांवर मुरूम सुटा होतो. लांब ढांग टाकून टाच रोवलीत की खालचे खडे गोट्यांसारखे सरकतात आणि तुम्ही मागे कलंडता. पावलं आखूड आणि भरभर टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, अंग मागे रेलू देऊ नका, नजर तीन-चार पावलं पुढे. ही सवय लागली की लेहकडच्या डांबरी उतारावरही गुडघे वाचतात.

रविवारी पळण्याचा हट्ट सोडा. जरंडेश्वर, सज्जनगड, नाहीतर वाईकडे पांडवगड, कमळगड. सहा-सात तास सलग चालत राहा. चालता चालता खाण्याची सवय याच दिवशी होते. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर, मीठ-साखर-लिंबाचं पाणी, जे पोटाला सोसेल ते. उंचीवर भूक मरते, तेव्हा ओळखीचंच घशाखाली उतरतं.

आता हवेचं. सातारा शहर ७०० मीटरच्या आसपास, कास साधारण १,२००, आपलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६. लेहच ३,५०० मीटरवर आहे आणि खिंड ५,३०० च्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो. हवेत ऑक्सिजन तेवढाच, २१ टक्के, पण एका श्वासात हाती लागतो तो निम्मा. बाजारात मिळणारा तो ट्रेनिंग मास्क घेऊ नका. त्याने श्वास नुसता जड होतो, रक्तात काही बदल होत नाही.

लेहला विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस निव्वळ आराम. मग हलकं चालणं, मग थोडं पळणं, शर्यतीआधी एक-दोनदा वर जाऊन येणं. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही उंची बाधल्याची पहिली लक्षणं. ती असताना आणखी वर चढायचं नाही. चालताना तोल जायला लागला, नुसतं बसूनही धाप लागली किंवा खोकल्यातून फेस आला, तर त्याच घटकेला खाली. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

तेव्हा तिकिटं काढण्याआधी रजा किती मिळते ते बघा. शर्यतीच्या आधी दहा-बारा दिवस लेहला राहता येत नसेल, तर यंदा तिथली २१ किलोमीटरची पळा. तिलाही पाच-सहा दिवस आधी पोचा.