सामान्य ज्ञान कितीही पाठ केलं तरी लक्षात राहत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की 'सर्वांत उंच, सर्वांत लांब, सर्वांत पहिला' अशा याद्या घोकता आणि आठवड्याभरात सगळ्यांची सरमिसळ होते. होणारच. यादीतल्या एका ओळीचा दुसरीशी काही संबंधच नसतो. मी हौसेखातर प्रश्नमंजुषांसाठी प्रश्न काढतो, त्यावरून सांगतो: याद्या थोड्या बाजूला ठेवा आणि ज्यांना दोन उत्तरं निघतात, दोन्ही बरोबर असतात, असे प्रश्न धरा. त्या दोन उत्तरांचं भांडण सोडवताना जे कळतं ते विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

सर्वांत उंच पर्वत घ्या. एव्हरेस्ट, ८,८४९ मीटर. पण ही उंची समुद्रसपाटीपासूनची. हवाई बेटावरचा मौना केआ पाण्याबाहेर जेमतेम ४,२०० मीटर दिसतो. समुद्राच्या तळाशी असलेल्या पायथ्यापासून मोजलात तर तो १० हजार मीटरच्या वर जातो. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचं ठरवलं तर दोघेही मागे पडतात, पहिला नंबर इक्वेडोरमधल्या चिंबोराझोचा. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची ६,३०० मीटरही नाही, तरी त्याचं शिखर एव्हरेस्टच्या शिखरापेक्षा केंद्रापासून सुमारे दोन किलोमीटर जास्त दूर आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तिथली त्रिज्या ध्रुवांपाशी असलेल्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त भरते. चिंबोराझो जवळपास विषुववृत्तावरच उभा आहे, एव्हरेस्ट २८ अंश उत्तरेला. एका प्रश्नात तीन पर्वत आणि पृथ्वीचा आकार पदरात पडला. परीक्षेत मात्र गुमान एव्हरेस्टच लिहा, उत्तरपत्रिका तपासणारा वाद घालायला बसलेला नसतो.

शुक्राचंही तसंच. 'शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा' हे वाक्य सगळीकडे फिरत असतं. स्वतःभोवतीच्या एका फेरीला त्याला पृथ्वीचे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवतीच्या फेरीला २२५, म्हणून. पण दिवस म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ धरला तर तो ११७ दिवसांचाच भरतो, कारण शुक्र उलटा फिरतो. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो.

माझा सगळ्यात लाडका विषय मात्र तारखांचा. रशियातली 'ऑक्टोबर क्रांती' ७ नोव्हेंबरला का साजरी व्हायची, हा प्रश्न तुम्ही पाहिला असेल. त्याचं मूळ ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरात आहे. त्याने वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरलं, खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. अकरा मिनिटांनी काय होतंय असं वाटतं, पण साधारण १२८ वर्षांत एक अख्खा दिवस चुकतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, २१ मार्चवरून ११ मार्चपर्यंत मागे सरकला होता आणि ईस्टरची तारीख त्यावरच ठरत असल्याने चर्चची पंचाईत झाली. मग पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली दहा तारखा सरळ गाळून टाकल्या. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर! स्पेनमधल्या संत तेरेसा नेमक्या त्याच रात्री वारल्या, म्हणून त्यांचा स्मृतिदिन १५ ऑक्टोबरला येतो.

पोपचं ऐकायचं की नाही हा प्रत्येक देशाचा प्रश्न होता. ब्रिटनने १७५२ पर्यंत दम धरला आणि तोवर फरक अकरा दिवसांचा झाला. कारण जुन्या हिशेबात १७०० हे लीप वर्ष होतं, नव्यात नव्हतं. शतकाच्या वर्षाला ४०० ने पूर्ण भाग गेला तरच ते लीप, हा नियम पोप ग्रेगरींच्या नव्या कॅलेंडराबरोबरच आला. रशिया १९१८ मध्ये जागा झाला तेव्हा फरक तेरा दिवसांवर गेला होता. क्रांती जुन्या कॅलेंडरानुसार २५ ऑक्टोबरला झाली, त्यात तेरा मिळवा, ७ नोव्हेंबर येतो. रशियातला नाताळ ७ जानेवारीला का, हेही याच हिशेबात सुटतं. स्वीडनने तर कमालच केली. १७०० पासून लीप दिवस हळूहळू गाळत जायचं त्यांनी ठरवलं, पुढची दोन लीप वर्षं युद्धाच्या धांदलीत गाळायची राहिली, आणि शेवटी जुन्या कॅलेंडरावर परत जाण्यासाठी एक दिवस वाढवावा लागला. म्हणून स्वीडनमध्ये १७१२ साली ३० फेब्रुवारी होऊन गेली आहे.

एवढं डोक्यात बसलं की पुढची चलाखी आपोआप पकडता येते. 'गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे वाक्य ऐकायला सुरेख, पण त्यात दोन कॅलेंडरांची भेसळ आहे. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२, नव्या कॅलेंडरानुसार. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२, इंग्लंडच्या जुन्या कॅलेंडरानुसार. नव्यात ती तारीख ४ जानेवारी १६४३ होते.

भूगोलासाठी नकाशा उघडाच ठेवा. पनामा कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडापेक्षा पूर्वेला आहे. हे वाचून पटत नाही, तिथली आडवी वळलेली जमीन पाहिली की लगेच पटतं.

पुराणकथांच्या बाबतीत एकच विचारा: कुठल्या ग्रंथात? लक्ष्मणरेषा वाल्मीकी रामायणात नाही. तुलसीदासांच्या रामचरितमानसातही सीताहरणाच्या प्रसंगी ती येत नाही, पुढे लंकाकांडात मंदोदरी रावणाला टोमणा मारताना तिचा उल्लेख करते. ट्रॉयचा लाकडी घोडाही होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्यात शोधून सापडणार नाही. ते काव्य ट्रॉयचा योद्धा हेक्टर याच्या अंत्यसंस्कारापाशी संपतं. घोडा भेटतो तो 'ओडिसी'त, आणि सविस्तर हवा असेल तर व्हर्जिलच्या 'इनीड'मध्ये. तेव्हा पर्यायांमध्ये 'इलियड' दिसलं की आधी प्रश्न पुन्हा वाचा, प्रश्न काढणाऱ्याने ते मुद्दाम तिथे ठेवलेलं असतं. मीही ठेवतो.