मधुमेहामुळे पायाला झालेल्या जखमेवर प्रोबायोटिक कॅप्सूल फोडून पावडर टाकली तर ती लवकर भरते का?

टाकू नका. याच प्रश्नावरून माझ्यात आणि थोरल्या भावात आजही अबोला आहे, म्हणून लिहितोय.

वडिलांच्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता. त्याच्याखाली जखम झाली तरी त्यांना कळलं नाही, पाय बधिरच होता. मोज्याला डाग दिसला तेव्हा घरात कळलं. ड्रेसिंग मी करायचो. एका सकाळी गॉज उचललं तर हिरवट ओल आणि गोडसर कुबट वास. तपासणीत स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. भाऊ फोनवर म्हणाला, "अँटिबायोटिकने चांगले जंतू मेले म्हणून हे माजले. कॅप्सूल फोड आणि टाक." मी साफ नाही म्हटलं. तर म्हणे, तुला नवीन काही शिकायचंच नसतं.

त्याची कल्पना खोटी नाही, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. लॅक्टोबॅसिलस, म्हणजे प्रोबायोटिकमध्ये असतात ते चांगले जीवाणू, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्यात स्यूडोमोनासला वाढणं जड जातं. अर्जेंटिनात भाजलेल्या रुग्णांवर त्यातलाच एक प्रकार, लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम, लावून सिल्व्हर सल्फाडायझिन या भाजल्यावर लावायच्या नेहमीच्या मलमाशी तुलना केली होती. २००९ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात दोन्हींचा गुण साधारण सारखाच आला. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्यासाठीच वाढवलेले जीवाणू होते. पोटात घ्यायची पावडर निर्जंतुक नसते, आणि तिच्यातला स्टार्च वगैरे उघड्या मांसावर कशाला हवा?

वडिलांची जखम भरली ती डॉक्टरांनी मेलेली कातडी वेळोवेळी काढली, संसर्गावर औषध दिलं, साखर आटोक्यात आली आणि मुख्य म्हणजे त्या जागेवरचा भार काढला म्हणून. रात्री बाथरूमला जातानासुद्धा ते खास बूट घालायचेच. विसरून अनवाणी उठायचे, म्हणून मी त्यांच्याच खोलीत झोपायचो. फोनवरून यातलं काय दिसणार? जो रोज पट्टी सोडतो, घरात शब्द त्याचा चालला पाहिजे.

अँटिबायोटिक चालू असताना प्रोबायोटिक पोटातून घेणं हा वेगळा विषय, ते डॉक्टरांना विचारा. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांत हेच जीवाणू रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. जखमेभोवती लाली पसरत असेल, ताप असेल किंवा बोट काळं पडत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पायाचा रक्तपुरवठा अजून तपासला नसेल तर तो तपासून घ्या. रक्तच पोचत नसेल तर वरून काहीही लावा, जखम भरत नाही.