तलावाचा 'जीर्णोद्धार' म्हणता येतो का?

साकोलीकडच्या एका वाचकाने विचारलं आहे: गावच्या मामा तलावाचं काम निघालं, फलकावर 'पुनरुज्जीवन' लिहिलंय, पण आबाजी 'तलावाचा जीर्णोद्धार' म्हणतात. जीर्णोद्धार तर देवळाचाच होतो ना?

आबाजींचं बरोबर आहे. पडलेल्या वास्तू सावरण्याचं पुण्य सांगणारा एक श्लोक स्मृतींमध्ये आहे. त्यात 'वापी, कूप, तडाग', म्हणजे बारव, विहीर आणि तलाव, आधी येतात, देऊळ त्यांच्यानंतर. क्रियापदही तेच, 'उद्धरेत्'. देवळापुरता हा शब्द आपणच आखडून घेतला.

'जीर्ण'च्या मुळाशी झिजणं, जुनं होणं आहे. जरा आणि जर्जर त्याच घरातले. अन्न पोटात विरतं तेही जीर्ण होणंच. विरलं नाही की अजीर्ण. 'उद्धार' म्हणजे वर काढणं. गाळानं भरलेल्या तलावाला याहून नेमका शब्द मला तरी दिसत नाही.

अट एकच, जुनं शिल्लक हवं. मारुतीचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, देऊळ मुळासकट पाडून स्लॅब टाकायचा आणि पत्रिकेवर 'जीर्णोद्धार' छापायचं, हे मला खटकतं. ती पुनर्बांधणी.

जीर्णोद्धाराचा खरा अर्थ मला शब्दकोशाआधी घराच्या छपरावर कळला. पाऊस लागायच्या आधी आमच्याकडे कवेलू फेरायचे. बाबा वर, आम्ही खाली रांगेत. हातोहात आलेल्या कवेलूवर आई टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर साजरं, परत वर. बद्द वाजलं की बाजूला. संध्याकाळपर्यंत बहुतेक जुनेच कवेलू त्याच घरावर चढलेले असत, आणि घर गळायचं थांबे. 'फेरणे' हा आपल्या बोलीतला जीर्णोद्धारच.

मग 'पुनरुज्जीवन' चूक का? नाही. त्यात जीव आहे. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५० च्या कायद्याने गेली आणि हे तलाव 'माजी मालगुजारी' झाले, त्याचंच 'मामा'. पाळ बांधली, गाळ उपसला, हा जीर्णोद्धार. पाणी धानाच्या बांध्यांत पोचलं, मासोळी परतली, की पुनरुज्जीवन. फलकावर आधी पहिला शब्द हवा होता.

आणि तो लिहिलाच, तर रंगवणाऱ्याला सांगा: 'जी' दीर्घ, आणि अर्ध्या 'द'ला पूर्ण 'ध', म्हणजे 'द्ध'. 'उध्दार' नव्हे.