डोळ्यांच्या दवाखान्याचं व्यवस्थापन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर. दोन वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शन सांभाळते आहे. पुढे व्यवस्थापक व्हायचं आहे. त्यासाठी ऑप्टोमेट्री शिकू, एमबीए करू, की आहे तिथूनच वर जाता येईल?

उत्तर : ऑप्टोमेट्रीची पदवी तपासणी करणाऱ्यांसाठी आहे. व्यवस्थापनासाठी चार वर्षं तिकडे घालवायची गरज नाही. रुग्णालय व्यवस्थापनाची पदवी मोठ्या, अनेक विभागांच्या रुग्णालयात उपयोगी पडते, कारण तिथे जाहिरातीतच ती अट असते. दोन-तीन डॉक्टरांच्या दवाखान्यात मात्र निवड एकाच गोष्टीवर होते : रुग्ण आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत काय काय होतं, हे या माणसाला कळतं का?

रिसेप्शनवर बसून दाराच्या पलीकडचं दिसत नाही. डॉक्टरांना विचारून आठवड्यातले दोन तास मागून घ्या. नंबर काढण्याची खोली, बायोमेट्रीची (शस्त्रक्रियेआधी डोळ्याची मापं घेण्याची) खोली, रुग्णाला शस्त्रक्रिया समजावणाऱ्या काउन्सेलरचं टेबल, चष्म्याचं दुकान, औषधसाठा आणि उपकरणं निर्जंतुक करण्याची जागा, अशा क्रमाने एकेका ठिकाणी बसा. तिथे काय येतं, काय बाहेर जातं आणि कुठे अडतं, एवढंच टिपा. सोबत केसपेपर वाचायला शिका. ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. ६/१८ म्हणजे निकोप डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारं अक्षर या रुग्णाला ६ मीटरवर यावं तेव्हा दिसतं. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा असतो. हे कळायला लागलं की फोनवरच्या रुग्णाशी बोलणंही बदलतं.

व्यवस्थापकपदाच्या आधीची पायरी म्हणून आम्ही काउन्सेलरचं काम सुचवू. शस्त्रक्रियेची भीती, खर्च, विमा, तारीख आणि घरच्यांचे प्रश्न हे सगळं एकाच टेबलावर येतं, त्यामुळे दवाखाना कसा चालतो हे तिथे सर्वांत लवकर उलगडतं. प्रशिक्षणच हवं असेल तर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा मार्ग माहीत असू द्या. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर हे रुग्णालय सुरू केलं. त्यांच्या लायको या संस्थेत १९९२ पासून नेत्र रुग्णालयांच्या व्यवस्थापनाचंच शिक्षण दिलं जातं.

प्रश्न : मी ऑप्टोमेट्रिस्ट, नुकतीच माझ्याकडे ओपीडीची जबाबदारी आली. रुग्णांना अडीच-तीन तास लागतात आणि तरी सकाळी पहिला तासभर डॉक्टर मधूनमधून मोकळे बसलेले असतात. माणसं वाढवावीत का?

उत्तर : कदाचित वाढवावी लागतील, पण आधी मोजा. प्रत्येक केसपेपरला एक पट्टी लावा आणि तिच्यावर या सहा टप्प्यांची घड्याळातली वेळ लिहा : आला, केसपेपर निघाला, तपासणीला बसला, थेंब घातले, डॉक्टरांनी पाहिलं, बाहेर पडला. तीन दिवस पुरेत, मात्र त्यात सर्वांत गर्दीचा दिवस हवाच.

आता गणित. डॉक्टर एका रुग्णाला सहा मिनिटं देत असतील तर ते तासाला १० जणांना पाहू शकतात. माहिती घेणं, नंबर काढणं आणि दाब मोजणं यांना १५ मिनिटं लागत असतील, तर एक ऑप्टोमेट्रिस्ट तासाला चौघांनाच पुढे पाठवतो. म्हणजे एका डॉक्टरमागे अडीच ऑप्टोमेट्रिस्ट लागतात. तुमच्याकडे दोघे असतील तर तासाला आठच रुग्ण आत पोचतात. सकाळची ती मोकळी मिनिटं इथून येतात.

खरी गुंतागुंत पुढे आहे. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले की २० ते ४० मिनिटं थांबावं लागतं आणि मग रुग्ण पुन्हा डॉक्टरांकडे जातो. दहांपैकी सात जणांना थेंब लागत असतील तर डॉक्टरांच्या भेटी १० राहत नाहीत, १७ होतात. साडेदहा-अकराला ओपीडी तुंबते ती या दुसऱ्या भेटींमुळे, नव्या रुग्णांमुळे नव्हे. यावर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे पहिली भेट वाचवणं. कोणाला थेंब घालायचे याचे नियम डॉक्टरांकडून लेखी घ्या. ऑप्टोमेट्रिस्टने स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) व्हॅन हेरिक या झटपट अंदाजाच्या पद्धतीने डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली पाहावी, दाब नोंदवावा, आणि नियमात बसत असेल तरच थेंब घालावेत. या कप्प्याच्या कडेचा, डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याचा कोन अरुंद वाटला तर थेंब न घालता रुग्ण थेट डॉक्टरांकडे. ही पायरी घाईत गाळली तर एखाद्याला तीव्र काचबिंदूचा झटका येऊ शकतो, म्हणून तिथे सूट नाही.

दृष्टिक्षेत्राची, म्हणजे फील्डची तपासणी थेंबांच्या आधी. जवळचं वाचन आणि चष्म्याचा नंबरही आधीच. हा क्रम चुकला की रुग्णाला दुसऱ्या दिवशी बोलवावं लागतं आणि ती फेरी कोणाच्याच हिशेबात दिसत नाही. थेंब घातल्याची वेळ आणि कोणत्या डोळ्यात घातले हे केसपेपरवर ठळक लिहा, नाहीतर पाळी बदलताना दुसरी परिचारिका पुन्हा थेंब घालते. पुढचे चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. त्यामुळे अपॉइंटमेंट देतानाच ‘गाडी चालवत येऊ नका, सोबत कोणीतरी आणा’ असं सांगायला हवं.

खुर्च्यांचंही तसंच गणित आहे. तासाला सात जणांना थेंब आणि प्रत्येकी ४० मिनिटं, म्हणजे एका वेळी साधारण पाच रुग्ण बसलेले. सोबतचे धरून दहा खुर्च्या, त्याही मंद उजेडात. आणि शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी तपासणीला येणाऱ्यांना ओपीडी सुरू होण्याआधीची वेळ द्या. एवढ्या एका बदलाने सकाळ बरीच सुटसुटीत होते.

प्रश्न : ‘उद्या या’ असं फोनवर कोणाला सांगायचं नाही, हे रिसेप्शनच्या नव्या मुलींना कसं शिकवावं?

उत्तर : फोनशेजारी एक पुठ्ठा लावा आणि त्यावर रोगांची नावं लिहू नका, रुग्ण बोलतो ती वाक्यं लिहा. ‘एकदम दिसेनासं झालं.’ ‘डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं होतंय, विजा चमकतात.’ ‘डोळा लाल, डोकं फुटतंय, उलट्या होताहेत.’ ‘कॉन्टॅक्ट लेन्स घालते, डोळा खूप दुखतोय.’ ‘ऑपरेशन झालेला डोळा आज लाल झालाय, काल दिसत होतं त्यापेक्षा कमी दिसतंय.’ यातलं काहीही ऐकलं की फोन ठेवायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं आणि त्याच दिवशी बोलवायचं. अचानक, न दुखता नजर गेली असेल तर प्रश्न तासांचा असतो. पक्षाघातासारखंच कारण असू शकतं, म्हणून मोठ्या रुग्णालयात पाठवायचं की आपल्याकडे, हे डॉक्टरांनी लगेच ठरवायचं.

डोळ्यात चुना, ॲसिड किंवा साफसफाईचं रसायन गेलं असेल तर पहिलं वाक्य ‘नाव काय?’ हे नसावं. ‘आधी नळाखाली डोळा धुवा, १५-२० मिनिटं, मग निघा’ हे असावं. रुग्ण दारात आला तरी केसपेपर नंतर. सलाइनची बाटली, ड्रिप सेट आणि पीएच (आम्ल-अल्कलीचं प्रमाण) दाखवणाऱ्या पट्ट्यांची डबी एका ठरलेल्या कप्प्यात तयार असू द्या. धुणं किती वेळ चालवायचं हे घड्याळ ठरवत नाही, पीएच सामान्य होईपर्यंत चालवायचं. उलट, डोळ्यात काही घुसलं असेल तर धुवायचं नाही, दाबायचं नाही, थेंबही नाहीत. वरून डोळ्याला न टेकणारं आवरण ठेवून लगेच यायला सांगायचं. हे दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे नव्या मुलींकडून वारंवार म्हणून घ्या.

लहान मुलाच्या बाहुलीत पांढरं चमकतं, असं आईने सांगितलं तर पुढच्या महिन्याची तारीख देऊ नका. ते डोळ्यातल्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं.

प्रश्न : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचं वेळापत्रक आणि साठा माझ्याकडे आहे. डोळ्यात चुकीच्या नंबरची कृत्रिम लेन्स बसण्याची धास्ती वाटते. व्यवस्थापकाने नेमकं काय पाहायचं?

उत्तर : ही धास्ती रास्त आहे, आणि ती चूक सहसा शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत नाही. ती त्याआधीच, मापांत आणि कागदावर होते.

सुरुवात बायोमेट्रीपासून. डोळ्याच्या लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तर नंबर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरने (डायॉप्टर म्हणजे नंबरचं एकक) चुकतो. ए-स्कॅनचा, म्हणजे ध्वनिलहरींनी लांबी मोजणाऱ्या यंत्राचा, प्रोब बुबुळावर टेकवताना दाब पडला तर लांबी कमी भरते, जास्त ताकदीची लेन्स निघते आणि रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर लांबचं धूसर दिसतं. बुबुळाची वक्रता त्याला काही टेकवण्याच्या आधी मोजायची. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स किमान आठवडाभर आधी बंद, कडक लेन्स असेल तर त्याहून जास्त. दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजायचं, शक्यतो दुसऱ्या माणसाने. हे नियम खोलीच्या भिंतीवर लावून घेणं तुमचं काम.

पुढे नक्कल. लेन्सचा नंबर यंत्राच्या छापील कागदावरून वहीत, वहीतून ओटीच्या (शस्त्रक्रियागृहाच्या) यादीत, यादीतून फळ्यावर असा उतरत गेला की प्रत्येक उतरवणीत चूक शिरते. मूळ छापील कागदच ओटीत जाऊ द्या. एका दिवशी सारख्या नावाचे दोन रुग्ण असतील तर त्यांना यादीत लागून ठेवू नका आणि दोन्ही फाइलींवर रंगीत पट्टी लावा. यादीचा क्रम ऐन वेळी बदलला तर लेन्सचे खोकेही त्याच क्रमाने पुन्हा लावले गेले की नाही, हे तुम्ही स्वतः पाहा. इथे गोंधळ सहज होतो. सुरू करण्याआधी सर्जन आणि परिचारिका दोघांनी नाव, डोळा, लेन्सचं मॉडेल आणि नंबर मोठ्याने वाचायचा, रुग्णाला नाव विचारायचं (‘तुम्ही अमुक ना?’ असं नव्हे, ‘तुमचं नाव सांगा’ असं), आणि मगच खोकं फोडायचं. प्रत्येक नंबरची एक जादा लेन्स आणि डोळ्यात लेन्स जिच्यात बसवतात ती पातळ पिशवी फाटली तर लागणारी वेगळ्या प्रकारची लेन्सही हाताशी हवी.

निर्जंतुकीकरणात ऑटोक्लेव्हचा कागद पाहायची सवय लावा. १२१ अंशांना किमान १५ मिनिटं किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटं हे मूळ आकडे. गुंडाळलेल्या संचाला जास्त वेळ लागतो, तो यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यायचा. संचावरच्या सूचक पट्टीचा रंग बदलला म्हणजे वाफ पोचली एवढंच कळतं. जंतू मेले की नाही, हे बीजाणूंच्या साप्ताहिक चाचणीतून कळतं. बारीक कॅन्युला, म्हणजे डोळ्यात द्रव सोडायच्या नळ्या, वापरल्याबरोबर धुवायला हव्यात. आत शस्त्रक्रियेत वापरलेला जेल वाळला किंवा साबणाचा अंश राहिला तर निर्जंतुक असूनही १२ ते ४८ तासांत डोळ्याला तीव्र दाह होतो. प्रत्येक केसपेपरवर लेन्स, द्रवाची बाटली आणि जेल यांचे बॅच क्रमांक असलेच पाहिजेत. जंतुसंसर्गाचे दोन रुग्ण पाठोपाठ आले तर ओटी थांबवायची, उरलेला साठा सील करायचा, नमुने पाठवायचे आणि त्या दिवशीच्या प्रत्येक रुग्णाला फोन करून बोलवायचं. बॅच क्रमांक नसतील तर यातलं निम्मं काम करताच येत नाही.

प्रश्न : दर महिन्याला डॉक्टरांसमोर कोणते आकडे ठेवावेत?

उत्तर : नव्या रुग्णांना आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत लागणारा सरासरी वेळ, शस्त्रक्रिया सुचवलेल्यांपैकी किती जणांनी केली आणि न केलेल्यांची कारणं, रद्द झालेल्या शस्त्रक्रिया, आणि शस्त्रक्रियेनंतरची नजर. शेवटचा आकडा बहुतेक दवाखान्यांत मोजलाच जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी कसोटी धरा : असलेल्या चष्म्यासह किमान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसावं, आणि ६/६० पेक्षा कमी दिसणारे ५ टक्क्यांच्या आत असावेत.

प्रश्न : चष्म्याच्या दुकानात प्रोग्रेसिव्ह लेन्सच्या (एकाच काचेत लांबचा ते जवळचा नंबर असलेल्या) तक्रारी फार. नंबर चुकतोय का?

उत्तर : नंबर शेवटी तपासा. आधी लेन्सवरच्या खुणा पुन्हा रेखून बाहुलीसमोर येतात का पाहा. फिटिंगची उंची (फ्रेममध्ये बाहुली किती उंचीवर येते ते माप) फ्रेम नाकावर नीट बसवून, रुग्ण समोर पाहत असताना मोजली होती का? दोन्ही बाहुल्यांचं नाकापासूनचं अंतर वेगवेगळं घेतलं होतं का? एकच बेरीज घेऊन निम्मी केली असेल तर एका बाजूचा वाचनाचा पट्टा सरकतो. मग जुन्या चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा प्रकार पाहा. हे सगळं बरोबर निघालं तरच रुग्णाला पुन्हा तपासणीला बसवा. परत आलेल्या प्रत्येक चष्म्याचं कारण आणि माप घेणाऱ्याचं नाव वहीत लिहिलंत, तर दोन महिन्यांत कोणाला पुन्हा शिकवायचं ते कळेल.