बिबट्या, गाव आणि शहर : वाचक विचारतात

मागच्या अंकात बिबट्यावर लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आली, काही चिडलेली, काही रडवेली. त्यातली चार इथे घेतेय, प्रत्येकाखाली माझं उत्तर.

आमच्याकडे (शिरूर तालुका) ऊस म्हणजेच सगळं. दिवस मावळला की पोरांना ओट्यावरसुद्धा बसू देत नाही. आणि फेसबुकवर लोक लिहितात, तुम्हीच बिबट्याच्या घरात घुसलात. आमच्या आज्याच्या आधीपासून इथे शेती आहे. सगळे बिबटे धरून लांब जंगलात सोडा म्हटलं की आम्ही प्राण्यांचे दुश्मन ठरतो. काय चुकतं आमचं?

दादा, तुम्ही कुणाचे दुश्मन नाही. आणि ते ‘घरात घुसलात’ वालं वाक्य तुमच्या भागाला लागूच पडत नाही, ते लिहिणाऱ्यांनी एकदा जुन्नर-आंबेगाव-शिरूरकडे येऊन बघावं. तुमची जमीन जुनी शेतीचीच. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं पीक म्हणजे बिबट्याला लपायला जागा, सावली, पाणी, शिवाय वस्तीवरची कुत्री, शेळ्या, रानडुकरं सगळं हाताशी. आज तिथे फिरणाऱ्या बऱ्याच बिबट्यांचा जन्मच उसातला आहे. म्हणजे दोघांतलं घुसखोर कुणीच नाही.

आता ‘लांब सोडा’चं. ही मागणी रागाने होत नाही, भीतीने होते हे मला कळतं, पण हा उपाय तुमच्याच भागात करून झालाय आणि तो उलटला. 2001 नंतर जुन्नर विभागात बिबटे पकडून आजूबाजूच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे-नंतरचे आकडे तपासून 2011 साली प्रसिद्ध केले. आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, सोडायला लागल्यावर सरासरी 17 झाले. अनोळखी जागी सोडलेला बिबट्या तिथे थांबत नाही, आपल्या मुलखाकडे निघतो, वाटेत नवीन गावं, नवीन माणसं, आणि इकडे त्याच्या रिकाम्या जागेवर दुसरा येऊन बसतो. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक म्हातारा नर, लोक त्याला आजोबा म्हणायचे, त्याला माग काढणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडला तर तो हायवे, रेल्वे रूळ ओलांडत साधारण 120 किलोमीटर चालून थेट मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचला. वाटेत त्याने कुणाला इजा केली नाही, पण ‘लांब’ म्हणजे नक्की किती लांब हा प्रश्न उरतोच ना.

माणूस मारलेल्या बिबट्याची गोष्ट वेगळी. त्याला पकडलाच पाहिजे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याचं कलम 11 गरज पडली तर मारायची परवानगीही देतं, ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडून यावी लागते. ज्या घरातलं लेकरू गेलंय त्या घराला सहनशीलता शिकवायला मी तरी जाणार नाही. आता मृत्यू झाला तर सरकार 25 लाख देतं, पण पैसे मिळाले म्हणून रात्री दोनला मोटर चालू करायला जायची भीती कमी होत नाही. शेतीला दिवसा वीज द्या ही तुमच्या भागातल्या शेतकऱ्यांची मागणी माझ्या मते बिबट्या वाचवायचीच मागणी आहे आणि शहरातल्या प्राणीप्रेमींनी ती तुमच्याइतक्याच जोरात करायला हवी.

मी ठाण्यात एम.ए. करतेय, प्रोजेक्टसाठी अकोले आणि डहाणू भागात सर्व्हे करणार आहे. ‘बिबट्या आवडतो का’ असा पहिला प्रश्न ठेवलाय. पण मला कोडं हे आहे की वाघ-बिबट्याचा देव म्हणून वाघोबाला नारळ फोडणारी माणसंच पिंजरा लावा म्हणतात. यातलं खरं कुठलं समजायचं?

ताई, दोन्ही खरं. आणि तो पहिला प्रश्न कृपा करून काढून टाका. अमेरिकेत स्टीफन केलर्ट या संशोधकांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी लोकांची वन्यप्राण्यांबद्दलची मतं तपासली, त्यात उपयोग, सौंदर्य, दया, नीती, कुतूहल, भीती, हुकूमत गाजवायची इच्छा असं सगळं वेगवेगळं मांडलं, आणि एकाच माणसात यातलं बरंच काही एकत्र असतं. आवडतो-नाही आवडतो यात ते मावणार कसं?

वाघोबाचंच घ्या. वारली लोकांच्या वाघोबावर 2021 मध्ये एक चांगला अभ्यास आला, त्यात दीडशेच्या वर देवस्थानं नोंदवली आहेत. वाघोबा तिथे गोंडस वगैरे अजिबात नाहीये, त्याची धास्ती आहे, वर्षातून एकदा त्याचा मान द्यायचा आणि त्याने गुराढोरांना, माणसांना सांभाळायचं असा तो व्यवहार आहे. अकोल्याकडे वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस करतात, त्यातही गुरं राखणाऱ्याची काळजीच दिसते. ज्याच्याशी असा करार आहे त्याने तो मोडला तर माणूस पिंजरा मागेल, यात ढोंग कुठलं? सहजीवन म्हणजे प्रेम असं आपण शहरात धरून चालतो. गावात ते रोजचं निभावून नेणं असतं, त्यात राग पण येतो.

अकोल्याला जाताय तर हे माहीत असू द्या की तिथल्या शेतीच्या पट्ट्यात, जिथे चौरस किलोमीटरला 300 च्या वर माणसं राहतात, संशोधकांना 100 चौरस किलोमीटरमध्ये साधारण 5 प्रौढ बिबटे मिळाले होते. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, माणसांवरचे हल्ले मात्र क्वचित. तेव्हा बिबटे जास्त म्हणजे हल्ले जास्त असं सरळ गणित नाही.

मग विचारायचं काय? शेळी गेली तेव्हा फोन कुणाला केला, माणूस किती वेळाने आला, पंचनामा त्याच दिवशी झाला का, पैसे कधी मिळाले, वनखात्याच्या त्याच गार्डला पुन्हा फोन कराल का. लोकांचा बिबट्यावरचा राग बऱ्याचदा आपलं कुणी ऐकलं नाही याचा असतो. आणि बायकांशी वेगळं बोला, सरपणाला, पाण्याला, पहाटे बाहेर त्याच जातात, चारचौघांत त्या गप्प बसतील.

2018 मध्ये अवनी वाघिणीसाठी मी पुण्यात मेणबत्ती घेऊन उभी होते, ऑनलाइन सह्याही गोळा केल्या. ती मेल्यावर गावात फटाके वाजले ते बघून अजूनही त्रास होतो. इतकी क्रूर कशी असतात माणसं?

तुमचं दुःख खरं होतं, त्याबद्दल शंका नाही. दोन पिल्लं असलेली वाघीण होती. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घातली, ती कशी घातली, भूल द्यायचा प्रयत्न नीट झाला का, हे विचारायलाच हवं होतं आणि विचारणाऱ्यांनी बरोबरच केलं. पण यवतमाळच्या पांढरकवडा-राळेगाव भागात दोन वर्षांत 13 मृत्यू तिच्या नावावर लागले होते. कापूस वेचायला जायचं, गुरं न्यायची, संध्याकाळी घरचं माणूस परत येईपर्यंत जीव टांगणीला, असं सलग दोन वर्षं. ते फटाके एका प्राण्याच्या मरणाचे कमी आणि शेतात जायला मिळणार याचे जास्त होते असं मला वाटतं. मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. वाघिणीला शहरात नाव होतं, फोटो होता. त्या तेरा जणांतलं एक तरी नाव आपल्यापैकी कुणाला आठवतं का? त्यांच्यासाठीही मेणबत्ती लागली असती तर तुमच्या सह्यांना राळेगावात किंमत आली असती.

निफाडजवळ आमचा ऊस तोडताना टोळीला दोन पिल्लं सापडली. आधी मांजरीची वाटली. अशा वेळी काय करायचं?

तोड तिथेच थांबवा. पिल्लांना हात लावू नका, घरी नेऊ नका, फोटोसाठी मांडीवर तर मुळीच घेऊ नका. लगेच 1926 या वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन लावा. आई बहुतेक वेळा जवळपासच असते, त्यामुळे टोळीतल्या मुलाबाळांना आधी फडाबाहेर काढा, एकट्याने कुणी फिरू नका. वनखात्याची माणसं पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि बऱ्याचदा आई रात्रीत येऊन एकेक करून घेऊन जाते. तेवढी एक रात्र गर्दी होऊ देऊ नका, बॅटऱ्या मारत बघायला जाऊ नका. पिल्लं गेली नाहीत तर चिडलेली मादी त्याच शिवारात घिरट्या घालत राहते आणि मग धोका तुम्हालाच. टोळीची एका दिवसाची मजुरी बुडते, ती शेतमालकाने द्यावी असं मला वाटतं, नाहीतर पुढच्या वेळी पिल्लं सापडली तरी कुणी सांगणार नाही. कॅमेऱ्यात आई पिल्लं नेताना दिसली आणि गार्डने हो म्हटलं की उरलेला फड तोडायला घ्या.