वादळं येतच असतात, मग समुद्रातली वाळूची बेटं टिकतात कशी?

तुमचा प्रश्न असा, की एका वादळात पुळणी वाहून जातात, तर निव्वळ वाळूची बेटं हजारो वर्षं कशी राहिली? मी सोलापुरात भूगोल शिकवतो. समुद्र आमच्यापासून लांब, तरी या प्रश्नाशी आमचा संबंध आहे, तो पुढे सांगतो.

किनाऱ्याला समांतर पसरलेल्या अशा अरुंद, लांबट बेटांना रोधक बेटं म्हणतात. आपल्याकडचं श्रीहरिकोटा घ्या, त्याच्या मागे पुलिकतचं खाजण, म्हणजे बेट आणि मुख्य जमीन यांच्यामध्ये अडलेलं उथळ पाणी आहे.

वादळात वाऱ्याने पाणी फुगतं आणि त्यावर लाटा चढतात. पाणी वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी पोचलं तर टेकड्या ढासळतात. त्यातली बरीच वाळू जवळच्या उथळ पाण्यात जाते आणि शांत दिवसांत लाटा ती हळूहळू किनाऱ्यावर आणून टाकतात. पाणी टेकड्यांवरून गेलं, तर मात्र वाळू खाजणाच्या बाजूला जाऊन पडते. तिथे खड्डा खणला तर खाली दलदलीचा काळा चिखल आणि वर शिंपल्यांचे तुकडे मिसळलेली फिकट वाळू दिसते. पुढून झीज आणि मागून भर, असं होत होत अख्खं बेट जमिनीकडे सरकतं. म्हणूनच काही बेटांच्या समुद्राकडच्या पुळणीवर जुन्या दलदलीचा थर मुळांसकट उघडा पडलेला सापडतो. तो पूर्वी बेटाच्या मागच्या बाजूला होता! मला हा पुरावा सगळ्यात बोलका वाटतो.

पाणी फारच चढलं तर बेट मधोमध फुटतं. अमेरिकेत 2003 साली इसाबेल वादळाने हॅटरस बेट असंच तोडलं. तिथला रस्ता तुटला म्हणून दोनेक महिन्यांत वाळू भरून ती फट बुजवली गेली.

बेट खरोखर संपतं ते नवी वाळू मिळेनाशी झाली की. लुईझियानाची शँडलूर बेटं मिसिसिपीच्या जुन्या त्रिभुज प्रदेशाच्या वाळूवर उभी आहेत, पण नदीने कधीच वाट बदलली. 2005 च्या कॅटरिना वादळात त्यांचं सुमारे 85 टक्के क्षेत्र गेलं.

आता सोलापूरचा संबंध. आमची भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. उजनीच्या भिंतीमागे गाळ अडतो, खाली पात्रातून वाळूउपसा चालतो, आणि पुढे कृष्णेवरही धरणं आहेतच. त्यामुळे कृष्णेच्या मुखाशी पोचणारा गाळ फार घटला आहे आणि तिथला किनारा ठिकठिकाणी खचतो आहे. वादळाला दोष देण्याआधी मी मुलांना नकाशावर नदीचा हा मार्ग काढायला लावतो.